मालवण ते वेंगुर्लं, दोघंच

मालवणहून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या काठाकाठानं पायी जाता येतं, हे सोलापुरात सांगितलं तर लोकांना आधी खरं वाटत नाही. आणि खरं वाटलं तरी कशाला जायचं ते कळत नाही. शेजारच्या गौराबाईंनी पहिल्याच वर्षी मला जिन्यात अडवलं होतं.

"समिंदराकाठी चालायला जाता व्हय? तितं देव कुठला हाय?"

मी म्हटलं, देव नाही, नुसतं चालायचं.

"देव न्हाय, जत्रा न्हाय, मग लेकराला उनात कशाला न्हेता?"

परत आल्यावर आमच्या मुलीनं, नलूनं त्यांच्या ओटीवर बसून शिंपले मांडले आणि प्रत्येकाची हकीकत सांगितली, तेव्हापासून गौराबाई दर वर्षी आम्ही निघताना कडक भाकरीची चवड आणि शेंगाची चटणी बांधून द्यायला लागल्या. तिकडच्या लोकांना द्या म्हणायच्या. तांदूळ खाऊन कंटाळली असतील बिचारी.

माझे यजमान हायस्कुलात भूगोल शिकवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही इथं तसंच म्हणते. लग्नाआधी ते एका मित्राबरोबर ही वाट चालले होते. नलू सात वर्षांची झाली तेव्हा म्हणाले, "हिला समुद्र नकाशावर नाही दाखवायचा." तेव्हापासून दर नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघं जायचो. कोल्हापूरपर्यंत आगगाडी, पुढं घाट उतरून मालवणपर्यंत मोटार, आणि मग पायी: देवबाग, खाडी ओलांडून निवती, मग केळूस, मग वेंगुर्लं. मी मैंदर्गीची, कानडी घरातली. आमच्याकडं पाणी म्हणजे डोक्यावरची घागर. नलूनं पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा तिनं मला विचारलं, "अव्वा, एवढं पाणी, आणि कुणीच भरत कसं नाही?" मास्तर ही गोष्ट दर वर्षी नव्या वर्गाला सांगायचे.

नलू गेली. गेल्या वर्षी भाद्रपदात, विषमज्वरानं. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा धारवाडचा, रेल्वेत नोकरीला, आणि मुहूर्त मार्गशीर्षातला. सगळं ठरल्यासारखं झालं असतं तर नाताळात ती धारवाडला असती आणि वाटेवर आम्ही दोघंच असतो.

मला वाटलं होतं, मास्तर आता त्या वाटेचं नावही काढणार नाहीत. पण सुट्टी लागायच्या आधी एका संध्याकाळी पाहिलं तर ते ओसरीवर बसून वहाणांना तेल लावत होते. माझ्याही. मान वर न करता म्हणाले, "जायचं ना?"

मी हो म्हटलं, त्याला कारण होतं. सोलापुरात समाचाराला खूप लोक आले. कुणी डॉक्टर कोणता होता ते विचारलं, कुणी ठरलेलं लग्न मोडलं म्हणून हळहळलं. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या, पण मला रडू आलं नाही. मला देवबागच्या जनाकाकीकडं जायचं होतं. नलूला माडाच्या झावळ्यांचे झाप विणायला तिनं शिकवलं, पहिल्यांदा लुगडं नेसून नलू चालायला आली तेव्हा तिचा कासोटा तिनं घट्ट करून दिला. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की जनाकाकीच्या अंगणात पोचायचं, तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं, आणि मग काय व्हायचं ते होवो.

देवबाग

ज्यांनी देवबाग पाहिलेलं नाही त्यांना सांगते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची एक लांब जीभ. त्या जिभेवर माड आणि माडांत घरं. पश्चिमेला लाटा फुटत असतात आणि परसदारी खाडीचं पाणी हलतसुद्धा नाही. मालवणहून वाळूतून चालत यायला सकाळ जाते. ओल्या वाळूवर चाललं तर पाय रुतत नाहीत, पण लाटेकडं लक्ष ठेवावं लागतं. पूर्वी मास्तर आणि नलू पुढं असायचे आणि मी मागं. पाठमोरी बघितली तर दोघांची चाल अगदी एक. वळणावर थांबून ती ओरडायची, "अव्वा, लवकर!"

त्या वर्षी मास्तर एकटे पुढं होते. वळणावर थांबायचे, पण हाक मारायचे नाहीत.

जनाकाकी अंगणात कोकमाच्या सोलांना ऊन दाखवत होती. आम्हाला बघून हात पुसत पुढं आली.

"इलात मां! येवा, येवा." मग तिनं आमच्या मागं वाटेकडं पाहिलं. "आनि चेडू खंय?"

चेडू म्हणजे मुलगी. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याकडं एक पाऊल टाकलं. तेवढ्यात माझ्या मागून मास्तर म्हणाले, "तिचं लग्न झालं. धारवाडला दिली."

जनाकाकीनं टाळीच वाजवली. "लगीन केल्यात आनि माका सांगूक नाय? अशे कशे ओ तुमी!" तिनं माझे दोन्ही हात धरले. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नलूसाठी कुणाच्या तरी डोळ्यांत खरं पाणी आलं ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि ते आनंदाचं होतं.

मास्तर घोटभर पाणी प्यायले आणि सांगत सुटले. मुलगा उंच आहे. सासू प्रेमळ आहे. घराला मागं विहीर आहे, पाण्याचे हाल नाहीत. एरवी हा माणूस पाहुण्यांशी चार वाक्यांच्या वर बोलत नाही. वर्गात पोरगं खोटं बोललं तर हे छडी मारत नाहीत, नुसतं त्याच्याकडं बघत राहतात, आणि पोरगं रडायला लागतं. मी त्यांच्याकडं बघत होते.

जेवायला कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात होता. आमचे हुलगे तिकडं कुळीथ होतात. आम्ही त्यांचं माडगं करतो, ते पिठी करतात. नलू म्हणायची, धान्यसुद्धा सासरी गेलं की नाव बदलतं. हे जनाकाकीनंच आठवण काढून सांगितलं आणि ती पोटभर हसली. मला घास गिळेना.

संध्याकाळी मी मास्तरांना समुद्राकडं घेऊन गेले. सूर्य पाण्याला टेकला होता. नाखवा लोक होड्या ओढून वर घेत होते.

"असं का सांगितलंत?"

ते वाळूत बसले. मी पुन्हा विचारलं.

"ते वाक्य तोंडातून निघेना," ते म्हणाले. "दुसरं निघालं."

"उद्या सकाळी मी काकीला खरं सांगते."

"नको." त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या जोरानं त्यांनी मला कधीच धरलं नव्हतं. "सोलापुरात जिन्यात, शाळेत, दुकानात, सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याकडं बघून आवाज बारीक करतात. इथं कुणाला ठाऊक नाही. इथं ती आहे अजून. वेंगुर्ल्यापर्यंत राहू दे की. काय बिघडतंय कुणाचं?"

माझं बिघडत होतं. पण त्यांचा चेहरा बघून ते मला म्हणता आलं नाही.

सकाळी निघताना जनाकाकीनं माझी ओटी भरली, आणि नंतर दुसरी. खण, तांदूळ, सोललेला नारळ, वर सोलांची पुडी. "ही चेडवाची. धाडा तिका. जनाकाकीन दिल्यान म्हणान सांगा." मी पदर पसरला. काय करणार?

निवती

कर्लीची खाडी होडीनं ओलांडावी लागते. होडीवाला भिकाजी तांडेल आमचा जुना माणूस. नलू लहान असताना तो तिच्या हातात वल्हं द्यायचा आणि होडी गोल फिरली की तिलाच रागवायचा. जनाकाकीच्या दिरानं त्याला आधीच बातमी दिली होती.

"आमका लग्नाक बोलवूक नाय," तो रुसून म्हणाला. "सोलापुरापर्यंत चलत इलो असतंय मी!"

मास्तर हसले. खरंच हसले. "बारशाला बोलावू," ते म्हणाले.

मी होडीची कड धरून पाण्याकडं बघत राहिले. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं पाण्यात रेघ ओढल्यासारखी दिसते, अलीकडचं पाणी हिरवट, पलीकडचं निळं. डॉल्फिनची पाठ वर यायची आणि नलू किंचाळायची ती जागा हीच. त्या दिवशीही एक पाठ वर आली. भिकाजीनं बोट दाखवलं. मास्तर वळून म्हणाले, "नलू असती तर..." आणि थांबले. मग भिकाजीकडं बघून त्यांनी वाक्य पुरं केलं, "तर धारवाडला हे कुठलं बघायला मिळायला!"

पलीकडं भोगव्याचा किनारा. वाळू पांढरी, चालताना पायाखाली करकरते. मग जांभ्या दगडाचा डोंगर चढून निवतीत उतरायचं. वरून सगळा किनारा दिसतो, आणि दूर समुद्रात दीपगृहाचे खडक. आमच्याकडं डोळ्याला अडवायला काही नसतं, काळं रान आभाळापर्यंत जातं. तरी तिथं जीव घुसमटत नाही. त्या दिवशी त्या डोंगरावर, एवढ्या मोकळ्या वाऱ्यात, मला श्वास घेता येईना. मास्तर म्हणाले, "चढ लागलाय तुला. बस."

निवतीला आम्ही एका नाखव्याच्या घरी उतरतो. त्याची मुलगी पारू आणि नलू एका वयाच्या. दोघी खडकांत कालवं फोडत बसायच्या आणि वर्षभराच्या गप्पा दोन दिवसांत संपवायच्या. पारूचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं, गावातच. आम्ही पोचलो तर ती कडेवर मूल घेऊन धावत आली. भिकाजीचा मेव्हणा सकाळीच होडी घेऊन पुढं आला होता, त्यामुळं तिला सगळं कळलं होतं.

"मावशे, खरां मां? माका एक कागद घालूक जमला नाय तिका?" ती रागावली होती आणि आनंदलीही होती. मूल माझ्या मांडीवर टाकून ती माझ्यासमोर बसली. "सांग. सगळां सांग. शालू कसो होतो?"

मास्तर बाहेर नाखव्याशी बोलत होते. पारू मला विचारत होती. आणि शालू खरंच होता. आषाढातच घेतला होता, हिरवा, नारळी काठाचा. तो अजून आमच्या पेटीत आहे. मी म्हटलं, "हिरवा."

"आनि हातावर मेंदी?"

"कोपरापर्यंत."

"रडला काय गो जाताना?"

मी सांगितलं. मी सगळं सांगितलं. हळद कुणी लावली, माझी आई मैंदर्गीहून कशी बैलगाडीतून आली, कानडी गाणी कशी म्हटली, अंतरपाट धरला तेव्हा नलूनं मान वर करून हळूच कसं पाहिलं आणि गौराबाईंनी तिला चिमटा कसा काढला. मी कधी एवढं रचून बोलले नव्हते. एकेक गोष्ट तोंडातून निघताना डोळ्यांपुढं उभी राहत होती, आणि इतके महिने मला दिसत होता तो तापानं सुकलेला चेहरा दिसेनासा झाला होता. तिच्या केसांना पुन्हा तेल होतं. गालांवर पुन्हा मांस होतं. पारू डोळे मोठे करून ऐकत होती. मास्तर दारात येऊन उभे राहिले होते, ते मला उशिरा दिसलं. ते माझ्याकडं इतक्या मायेनं बघत होते की मी मधेच गप्प झाले.

मूल रडायला लागलं म्हणून पारू उठली. मी एकटी राहिले आणि ते सगळं एका झटक्यात खाली बसलं. हळद नाही, गाणी नाहीत, कुणी मान वर केली नाही. पहिल्यांदा गेली तेव्हा मी तिच्याजवळ होते, तिचा हात माझ्या हातात होता. या वेळी काहीच नव्हतं हातात.

रात्री जेवायला मी नाही म्हटलं. ऊन बाधलं, असं मास्तरांनी सांगितलं.

केळूस

निवतीहून केळूसपर्यंतचा किनारा सगळ्यांत सुंदर. लांबच लांब वाळू, माणूस नाही, काठावर केतकीचं बन. मास्तर इथं नलूला भरती-ओहोटी शिकवायचे. त्या वर्षी आम्ही दोघंच चालत होतो. मग ते आपणहून बोलू लागले, माझ्याशी नव्हे. "हा शंख नवा आहे. हा नलूला पाठवायला हवा. धारवाडला तिला शंख कुठला मिळणार?" आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं. मी एकटी होते. त्यांनी शंख रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

मला भीती वाटली ती तिथं. जनाकाकीपुढं बोलले ते दुःखानं बोलले, मी समजू शकत होते. पण आता इथं कुणासाठी चाललं होतं हे?

केळूसच्या अलीकडं एक लहान ओढा समुद्राला मिळतो. मास्तर वहाणा हातात घेऊन उतरले आणि कालवाच्या धारेनं त्यांचा तळवा चिरला. रक्त थांबेना. माझ्या लुगड्याचा पदर फाडून बांधला आणि खांद्याचा आधार देत त्यांना दाजीबांच्या घरी नेलं.

दाजीबा पूर्वी गलबतावर होते. त्यांची बायको भागीरथीआजी. घरात दोघंच. मुलगा रघू एडनला असतो, बंदरात मोठ्या कामावर. दर वर्षी दाजीबा त्याच्याबद्दल सांगत आणि आम्ही ऐकत असू. आजी तेव्हा चुलीपाशी असायची.

आजीनं जखम धुतली, हळद भरली, आणि उद्या चालायचं नाही असं बजावलं. त्यामुळं केळूसला आमचा मुक्काम लांबला. मास्तर पाय वर करून अंगणात बसले आणि दाजीबा त्यांच्या शेजारी सुपारी कातरत. दोघांचं छान जमलं.

"मे म्हयन्यात झील येतलो," दाजीबा मुलाबद्दल सांगत होते. "आंबे खावक."

"मग आमची नलूही येईल मे महिन्यात," मास्तर म्हणाले. "जावयांना घेऊन. त्यांना समुद्र दाखवायचाय."

"येवंदेत, येवंदेत. दोगांची गाठ पडतली."

मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. आजी माझ्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर विहिरीवर गेले. तिनं कळशी काठावर ठेवली, पण दोर सोडला नाही. अगदी हळू म्हणाली, "तुजा चेडू गेला मां गो?"

मी विहिरीच्या कठड्याला टेकून खाली बसले.

"चेडू सासरी गेला काय आवस रडता, पन जेवता," ती म्हणाली. "तू जेवूक नाय. तुज्या तोंडार दिसता."

तिनं माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं. मी रडले. भाद्रपदापासूनचं सगळं रडले, तोंडात पदर कोंबून, अंगणात ऐकू जाऊ नये म्हणून. आजी माझ्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. मी थांबले तेव्हा ती म्हणाली, "माजो रघू एडनाक नाय."

मी मान वर केली.

"त्येचा गलबत येवक नाय. बाकीच्यांची इली. ह्येंनी पयल्यांदा गावात कोनाक तरी सांगल्यानी, एडनाक उतरलो म्हणान. माका वाटला, दोन दिस बोलतीत, मगे रडतीत. मी गप रवलंय." तिनं दोर हातावर गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "आता केस पिकले. गावात सगळ्यांका म्हायत असा, कोन बोलना नाय. मी रडलंय तर ह्येंचो झील मरता. म्हणान माका रडाक गावला नाय अजून."

अंगणातून दाजीबांचं हसणं ऐकू आलं. मास्तरांचंही.

"तू आताच सांग त्येंका," आजी म्हणाली. "मगे जमाचा नाय."

मी घरात गेले, पिशवीतून नलूच्या नावाची ओटी काढली आणि आजीच्या हातात दिली. तिनं ती पदराखाली घेतली आणि समुद्राच्या वाटेला लागली.

वेंगुर्लं

तिसऱ्या दिवशी पायाला फडकं बांधून मास्तर निघाले. वाट चढउताराची, मधे काजूची झाडं, मग पुन्हा वाळू. लंगडत असल्यामुळं ते पुढं जाऊ शकत नव्हते, माझ्या शेजारीच होते. पिशवी त्यांनी घेतली होती. थोडं चालल्यावर थांबले, पिशवी चाचपली.

"नारळ कुठाय? नलूचा?"

"आजीकडं दिला."

"का?"

"त्यांना कळलंय. मी सांगितलं नाही, त्यांनी ओळखलं." मग रघूबद्दल मी त्यांना सगळं सांगितलं. ते वाळूवर बसले. लाट येऊन त्यांच्या बांधलेल्या पायाला लागून गेली तरी उठले नाहीत.

"माझ्याजवळ एकदा म्हणा," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाजवळ नको. इथं कुणी नाही. नलू गेली, एवढंच म्हणा."

ते समुद्राकडं बघत राहिले. मी वाट पाहिली. आयुष्यात कशाची इतकी वाट पाहिली नसेल. अखेर म्हणाले, "आज वेंगुर्ल्याला पोचतोच आहोत. मग घरी. घरी गेल्यावर आहेच ते सगळं. आजचा दिवस तेवढा."

मी कबूल केलं. खरंच मनापासून कबूल केलं.

वेंगुर्ल्याला बंदराजवळ एक खानावळ आहे, शांताबाईंची. दर वर्षी शेवटचं जेवण तिथं. दुपारची वेळ, पंगत भरलेली. शांताबाई वाढता वाढता लांबूनच ओरडल्या, "लगीन झाला म्हणे चेडवाचा! निवतीच्या होडयेवाल्यान सांगल्यान. पेढे खंय?"

सगळी पंगत आमच्याकडं वळून हसली. मास्तर पानावर बसले. त्यांचा चेहरा उजळला होता. "पेढे तीच घेऊन येईल," ते म्हणाले. "मे महिन्यात."

मे महिन्यात. तेच शब्द, तोच सूर. मला दाजीबांचं अंगण दिसलं, सुपारीचा अडकित्ता दिसला, आणि चुलीपाशी पाठ करून बसलेली मी दिसले, केस पिकलेली.

"ती येणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "आमची मुलगी गेली. भाद्रपदात, तापानं. लग्न झालंच नाही."

शांताबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. पंगतीतला एक माणूस घास हातात धरून माझ्याकडं बघत होता. मास्तरांनी पानाभोवती पाणी फिरवलं होतं, एकही घास घेतला नव्हता. ते उठले, हात धुतले, वहाणा घातल्या आणि लंगडत बाहेर गेले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

शांताबाई माझ्याजवळ बसून रडल्या. चांगल्या बाई. पण मला थांबता येईना. मी बंदरावर गेले. ते धक्क्याच्या टोकाला बसले होते. खाली होड्यांत माल भरत होते. एक होडी निवतीकडं निघाली होती, तिच्यातला माणूस खानावळीत आमच्याच पंगतीला होता. तो आमच्याकडं बघत होता. संध्याकाळपर्यंत पारूला कळणार होतं. उद्या भिकाजीला, आणि परवा जनाकाकीला. आम्ही मागं सोडलेलं एकेक घर आता रडणार होतं.

मी शेजारी बसले. मग मास्तर बोलले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आता कुठंच राहिली नाही ती."

एवढंच. मोटारीत नाही, गाडीत नाही, पुढं ते काही बोलले नाहीत. मिरजेला गाडी बदलताना मी त्यांचा पाय बघायला वाकले तर त्यांनी तो मागं घेतला.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मास्तर शाळेत जातात, शिकवतात, वेळेवर जेवतात, माझ्याशी लागेल तेवढं बोलतात. नलूचं नाव त्यांनी त्या दिवसापासून घेतलेलं नाही, खोट्यातही नाही. रघूची गोष्ट ऐकून त्यांच्या मनात काय आलं, मी केलं ते त्यांना क्रूर वाटलं की बरोबर, मला ठाऊक नाही. मला रडता येतं आता. रोज येतं. ते ओसरीवर असतात, मी माजघरात असते. मी रडले म्हणजे ते उठून बाहेर जातात, आणि मी थांबले म्हणजे आत येतात. आजीनं मला वाचवलं असं मी पुष्कळ दिवस समजत होते. हल्ली तसं वाटत नाही. तिच्या अंगणात निदान एक माणूस हसत होता.

परवा गौराबाई जिन्यात भेटल्या. दोन्ही हातांनी पदर सावरत त्यांनी विचारलं, "यंदा भाकरी करू का? जाणार हायसा न्हवं?"

मी घरात आले. मास्तर सहामाहीचे पेपर तपासत होते. मी दारात उभी राहून विचारलं, "यंदा जायचं का?"

"कुठं?" ते म्हणाले, आणि पुढचा पेपर ओढून घेतला.